हेल्पर की अप्रेंटिस? बडोद्यात कमावत कमावत वेल्डर होताना

मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या शेडमध्ये दोन मुलं शेजारी शेजारी काम करताना दिसतात. दोघांनी दहावीनंतर आयटीआय केलेलं, दोघांच्या अंगावर चामड्याचा एप्रन, आणि महिन्याअखेरीला हातात पडणारी रक्कमही जवळपास सारखी. तरीही वर्षभराने एकजण परीक्षेला बसून राष्ट्रीय सर्टिफिकेट घेतो आणि दुसऱ्याकडे आपण इथे काम केलं हे दाखवायलाही कागद नसतो. पहिल्याचा करार सरकारी पोर्टलवर नोंदलेला होता, दुसरा हेल्पर म्हणून लागला होता. घरच्यांना दोन्ही एकच वाटलं, कारण सेठने दोघांनाही ‘शिकायला ये’ असंच सांगितलं होतं.

दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा भागातल्या आपल्या मराठी घरांतून हा गोंधळ फार आहे. मुलगा वेल्डिंग शिकतो म्हटलं की ‘बारावी करून बँकेचा फॉर्म भरला असता तर’ असा सूर अजूनही निघतो. सयाजीराव महाराजांनी १८९० साली याच गावात कलाभवन काढलं, ते हाताचं काम शास्त्र समजून घेऊन शिकता यावं म्हणून. दादासाहेब फाळके त्याच कलाभवनात शिकले. त्या गावात तरी वेल्डरच्या मुलाखतीला जाताना कोणी मान खाली घालू नये असं मला मनापासून वाटतं. मान ताठ ठेवायची तर कागद मात्र पक्का हवा, म्हणून आधी कागदाचं बोलू.

आपल्याकडे १९६१ सालचा अप्रेंटिस कायदा आहे. तो सांगतो की शिकाऊ उमेदवार हा कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहे, आणि तरीही त्याला दरमहा विद्यावेतन, म्हणजे स्टायपेंड, द्यायलाच हवा. ‘कामगार नाही’ या शब्दांना घाबरायचं कारण नाही. त्याचा अर्थ असा की नेहमीचे कामगार कायदे सरसकट लागू होत नाहीत, पण कारखान्यातल्या सुरक्षिततेच्या आणि आरोग्याच्या तरतुदी लागू होतात. काम करताना इजा झाली तर भरपाईचा हक्कही असतो. शिवाय याच कायद्यात एक कलम आहे जे फार कमी मुलांना ठाऊक असतं: अप्रेंटिसला नगावर पैसे देता येत नाहीत. दिवसाला इतक्या ग्रिल जोडल्या तर इतके रुपये, असा हिशेब कोणी मांडत असेल तर ती अप्रेंटिसशिप नव्हे. ओव्हरटाइमही सहजासहजी करून घेता येत नाही, त्यासाठी अप्रेंटिसशिप अॅडव्हायझर या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. कायद्याचा हेतू उघड आहे. मुलाचं लक्ष नग मोजण्यात गेलं तर हात बसायचा राहून जातो.

ज्या आस्थापनेत कंत्राटी धरून ३० किंवा जास्त माणसं कामाला आहेत तिला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के इतके अप्रेंटिस घ्यावेच लागतात. ४ ते २९ माणसांच्या युनिटला हे ऐच्छिक आहे. बडोद्यात याचा अर्थ असा की वाघोडिया, मंजुसर, सावली, नंदेसरी, करजण या पट्ट्यातल्या मोठ्या कंपन्यांना तुम्ही विचारायला गेलात तर उपकार मागत नसता, त्यांनाही मुलं हवी असतात. कोयलीची रिफायनरी १९६५ साली सुरू झाली आणि तिच्या आजूबाजूला खत, रसायनं, पेट्रोकेमिकल्सचे कारखाने उभे राहिले. त्यांना लागणाऱ्या टाक्या, हीट एक्सचेंजर, प्रेशर व्हेसल, पाइपलाइन, शिवाय ट्रान्सफॉर्मरच्या टाक्या आणि मेट्रोचे डबे हे सगळं या परिसरात तयार होतं. त्यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू कुठे ना कुठे जोडलेली असते.

आता पैसे. २०१९ च्या नियमांप्रमाणे किमान स्टायपेंड पाचवी ते नववी शिकलेल्याला महिना ५,००० रुपये, दहावी पास मुलाला ६,०००, आणि बारावी किंवा आयटीआय झालेल्याला ७,००० असा ठरला. दुसऱ्या वर्षी त्यात १० टक्के आणि तिसऱ्या वर्षी १५ टक्के वाढ. मे २०२५ मध्ये केंद्रीय अप्रेंटिसशिप कौन्सिलने हे आकडे ३६ टक्क्यांनी वाढवावेत अशी शिफारस केली, म्हणून करार करायच्या दिवशी लागू असलेला आकडा पोर्टलवर पाहूनच सही करावी. हा किमान आकडा आहे. कंपनी याहून जास्त देऊ शकते, आणि चांगल्या कंपन्या देतातही.

एका गोष्टीवरून मात्र दर वर्षी नाहक भांडणं होतात. केंद्राच्या अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के भाग, जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार देतं. पूर्वी तो कंपनीला परत मिळायचा, आता थेट मुलाच्या खात्यात येतो. म्हणजे ७,००० ठरले असतील तर कंपनीकडून ५,५०० येतात आणि सरकारचे १,५०० वेगळे, वेगळ्या तारखेला. खातं आधारशी जोडलेलं नसेल तर ते १,५०० अडकतात, आणि घरी सगळे म्हणतात की कंपनीने पैसे कापले. त्यामुळे बँकेत जाऊन आधार सीडिंग झालंय का हे आधी विचारा. नुसता आधार नंबर दिलेला असणं वेगळं आणि सरकारी पैसे त्याच खात्यात यावेत अशी जोडणी होणं वेगळं.

अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर नाव नोंदवायला आधार, मार्कशीट, आयटीआयचं सर्टिफिकेट, बँक पासबुक आणि ईमेल लागतो. इथे बडोद्याच्या मुलांना हमखास नडणारी अडचण नावाची. गुजरात बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर बहुतेकांचं नाव आधी असतं, काहींच्या आधारवर वडिलांचं नावच नसतं. तपासणीत हे जुळत नाही आणि अर्ज लटकतो. मुलगा आठवीत असतानाच आधारवरचं नाव मार्कशीटसारखं करून घेतलं तर पुढचे पाच-सहा हेलपाटे वाचतात.

कंपनीने निवडलं की करार ऑनलाइन तयार होतो. त्यावर कंपनीची आणि मुलाची, मुलगा अठराच्या आतला असेल तर पालकांची सही होते, आणि करारनोंदणीचा क्रमांक मिळतो. हेल्पर आणि अप्रेंटिस यांच्यातला सगळा फरक या क्रमांकात आहे. ‘नंतर करून देऊ’ असं उत्तर आलं तर नम्रपणे म्हणावं, ‘सर, नंबर आला की त्या दिवसापासून येतो.’ करारात ट्रेडचं नावही नीट वाचावं. ‘वेल्डर’ हा सरकारने ठरवून दिलेला ट्रेड आहे आणि त्याच्या शेवटी अखिल भारतीय परीक्षा होऊन राष्ट्रीय अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट मिळतं. कंपनीने स्वतः आखलेले ऐच्छिक ट्रेडही असतात आणि त्यांतले काही उत्तम असतात, पण त्यांचं सर्टिफिकेट वेगळं. आपण कशावर सही करतोय हे कळलेलं असावं.

आयटीआय आधी करावं का? माझं मत स्पष्ट आहे: करावं. वेल्डरचा कोर्स एक वर्षाचा आहे, आठवी पास मुलालाही प्रवेश मिळतो, आणि बडोद्यात तरसाली आणि गोरवा अशी दोन मोठी आयटीआय आहेत. थेट अप्रेंटिस म्हणून लागलेल्याला आधी प्राथमिक प्रशिक्षण घ्यावं लागतं. आयटीआयवाल्याचं ते झालेलं असतं आणि तो पहिल्या आठवड्यापासून शॉपवर, म्हणजे कामाच्या शेडमध्ये, असतो. अप्रेंटिस मेळावेही आयटीआयमध्येच भरतात, तिथे कंपन्यांचे लोक समोर बसलेले असतात. मेळाव्याला जाताना मूळ कागद आणि झेरॉक्सचे तीन-चार संच बरोबर ठेवा.

मेळाव्यात चार कंपन्या तयार झाल्या तर निवड कशी करायची? बहुतेक मुलं हजार रुपये जास्त देणारी कंपनी धरतात. मी सांगेन की तिथे उभ्या असलेल्या माणसाला तीन गोष्टी विचारा. अप्रेंटिसला सरावासाठी वेल्डिंगचे रॉड आणि प्लेटचे तुकडे मिळतात का? शिकवायला नेमलेला माणूस कोण आहे? आणि तुमच्याकडे जोडांची रेडिओग्राफी होते का? ज्या शॉपमध्ये जोडाचा एक्स-रे निघतो तिथे चूक लपत नाही, आणि चूक दिसते तिथेच हात सुधारतो. ग्रिल आणि जिने बनवणाऱ्या शॉपमध्ये वर्ष घालवलेला मुलगा वेगाने जोडतो, पण त्याच्या जोडाच्या आत काय आहे हे त्याला कोणीच दाखवलेलं नसतं.

वर्षभर नेमकं काय शिकायचं असतं तेही पाहू. बाहेरून वेल्डिंग म्हणजे ठिणग्या. आत मात्र मुलाला एकाच वेळी चार गोष्टी सांभाळायच्या असतात: करंट, आर्कची (रॉडचं टोक आणि जोडायचा तुकडा यांच्यातल्या विजेच्या झोताची) लांबी, रॉडचा कोन आणि हात सरकायचा वेग. ३.१५ मिलिमीटरचा रॉड घेतला तर करंट साधारण ९० ते १३० अँपिअर. कमी ठेवला तर रॉड जॉबला, म्हणजे जोडायच्या तुकड्याला, चिकटतो आणि धातू वरवर बसतो. जास्त ठेवला तर कडेला चर पडते, तिला शॉपमध्ये अंडरकट म्हणतात. रॉडचं टोक आणि जॉब यांच्यातलं अंतर ढोबळपणे रॉडच्या तारेच्या जाडीइतकं, म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटर. आणि रॉड तर सतत जळून आखूड होत असतो! म्हणजे हात पुढे सरकता सरकता खालीही आणायचा, तेही काळ्या काचेतून वितळलेल्या धातूचं छोटंसं तळं बघत. पहिले काही आठवडे मुलं आर्ककडे बघतात. ज्या दिवशी नजर आर्कवरून हटून त्या तळ्याच्या मागच्या कडेवर स्थिरावते, तिथून बीड, म्हणजे जोडाची पट्टी, सरळ यायला लागतो. अनुभवी वेल्डर तर आवाजावरूनही ओळखतात. आर्कची लांबी बरोबर असेल तर तव्यावर थालीपिठाच्या कडेला तेल सोडल्यावर येतो तसा एकसारखा चुरचुराट येतो, लांबी वाढली की तो फाटतो आणि थेंब उडायला लागतात.

सपाट प्लेटवर हात बसला की जागा बदलते. या जागांना पोझिशन म्हणतात आणि त्यांचे क्रमांक जगभर चालतात. १जी म्हणजे जॉब खाली सपाट, २जी म्हणजे उभ्या प्लेटवर आडवा जोड, ३जी म्हणजे खालून वर चढणारा उभा जोड, ४जी म्हणजे डोक्यावर. पाइपला ५जी आणि ६जी. ६जीमध्ये पाइप ४५ अंशात तिरका घट्ट बांधलेला असतो, फिरवता येत नाही, म्हणून एकाच जोडात वेल्डरला सगळ्या पोझिशन कराव्या लागतात. ६जी पास असलेल्याला बाकीच्या बहुतेक पोझिशनमध्ये वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही, म्हणून भरतीच्या जाहिरातींत या दोन अक्षरांना एवढा भाव.

पाइपचा जोड एका फेरीत होत नाही. दोन पाइपांच्या कडा तिरप्या घासतात, मध्ये दोन-तीन मिलिमीटर गॅप ठेवतात आणि टॅक, म्हणजे जागेवर धरून ठेवणारे छोटे जोड, मारतात. पहिला रन, म्हणजे पहिली फेरी, तिला रूट म्हणतात. महत्त्वाच्या कामात तो टिगने, म्हणजे आर्गन वायूच्या आवरणात होणाऱ्या वेल्डिंगने, करतात, ज्याला आपल्या शॉपमध्ये सगळे ‘आर्गन’ म्हणतात. त्यावर रॉडने दुसरा रन, म्हणजे हॉट पास, मग भराई, शेवटी वरचा कॅप. रॉडच्या दर रननंतर स्लॅग, म्हणजे वर जमलेली काचेसारखी खपली, चिपिंग हॅमरने काढून ब्रश मारायचा. कंटाळा येतो तो इथेच. खपलीचा तुकडा आत राहिला आणि वर पुढचा रन चढला तर बाहेरून जोड सुंदर दिसतो. एक्स-रेच्या फिल्मवर मात्र त्या जागी काळी रेघ उमटते, कारण तिथे धातू नाही म्हणून किरण जास्त आरपार जातात. हवेच्या बुडबुड्यांचे काळे ठिपके दिसतात, रूट नीट न भरल्याची सरळ काळी रेषा दिसते. आपण केलेल्या जोडाची फिल्म उजेडाच्या पेटीवर ठेवून इन्स्पेक्टर बोटाने दाखवतो तेव्हा मुलगा जे शिकतो ते कुठल्याही पुस्तकाने शिकवता येत नाही.

ई ७०१८ हा रॉड तुम्हाला रोज भेटेल. ७० म्हणजे जोडाची किमान ताकद, चौरस इंचाला ७० हजार पौंड, आपल्या मापात सुमारे ४९० मेगापास्कल. १ म्हणजे सर्व पोझिशनमध्ये चालतो. शेवटचा ८ रॉडवरच्या लेपाचा प्रकार सांगतो, कमी हायड्रोजनचा. पाण्यात हायड्रोजन असतो. लेपाने हवेतला ओलावा ओढला की तो हायड्रोजन वितळलेल्या पोलादात शिरतो आणि जोड थंड झाल्यावर, कधी कधी दुसऱ्या दिवशी, आतून तडा जातो. जुलै-ऑगस्टमध्ये बडोद्याची हवा किती दमट असते हे आपल्याला सांगायला नको. म्हणून हे रॉड ओव्हनमध्ये साधारण ३०० ते ३५० अंशांवर भाजतात आणि लहान गरम डब्यातून जॉबपाशी नेतात. फोडलेलं पाकीट बाकावर पडलेलं आणि त्यातले रॉड कोणीही उचलतोय असं दिसलं तर त्या शॉपबद्दल तेवढंच पुरेसं कळतं.

आई-वडिलांची खरी काळजी शरीराची असते आणि ती रास्त आहे. आर्कमधून अतिनील किरण निघतात. काचेशिवाय काही क्षण बघितलं, किंवा शेजारच्याच्या आर्कचा उजेड बाजूने लागला, तर तेव्हा काही जाणवत नाही. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत बरं होतं, पण डोळे चोळू नयेत, बटाट्याच्या चकत्या किंवा दूध घालू नये, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावं. रॉडच्या कामाला बहुधा १० ते १२ नंबरची काच लागते. कपडे सुती हवेत. पॉलिस्टरवर ठिणगी पडली तर कापड वितळून कातडीला चिकटतं. पँटची खालची घडी उलगडलेली हवी, नाहीतर ठिणगी तिच्यातच जाऊन बसते.

डोळ्यांइतकंच लक्ष धुराकडे द्या, कारण त्याचा त्रास उशिरा दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगच्या धुराला माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. स्टेनलेस स्टीलच्या धुरात क्रोमियमचा घातक प्रकार असतो. गॅल्व्हनाइज्ड पत्रा जोडला की जस्ताच्या धुराने संध्याकाळी ताप भरतो. धूर ओढणारा पंखा किंवा नळी जवळ हवी, योग्य मास्क हवा, आणि डोकं धुराच्या लोटात येणार नाही असं उभं राहायची सवय पहिल्या दिवसापासून हवी. टाकीच्या आत शिरून काम असेल तर तिथली हवा आधी मोजल्याशिवाय आत जाऊ नका, वरिष्ठाने कितीही घाई केली तरी. आर्गन वायू हवेपेक्षा जड असतो, तळाशी साठतो, त्याला वास नसतो, आणि माणूस गुदमरण्यापूर्वी त्याला काही कळत नाही. हेल्मेट, हातमोजे, एप्रन, सेफ्टी शूज स्वतःच्या स्टायपेंडमधून आणायला सांगणारी जागा सोडून द्यावी.

काही बिनसलं तर? स्टायपेंड पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत यायला हवा. तो थकला, किंवा वेल्डिंगऐवजी महिनोन्‌महिने फक्त माल उचलायला लावलं, तर तक्रार अप्रेंटिसशिप अॅडव्हायझरकडे जाते. तरसाली किंवा गोरव्याच्या आयटीआयमध्ये विचारलं तर कोणाकडे जायचं ते सांगतात. तक्रारीत कराराचा क्रमांक लिहावा लागतो, आणि हेल्परला नेमका तोच देता येत नाही. उलट बाजूही माहीत असू द्या. मुलाने कराराची मुदत संपण्याआधी कारण नसताना सोडलं तर कंपनी करारानुसार प्रशिक्षणाचा खर्च मागू शकते.

वर्ष संपल्यावर नोकरी देणं कंपनीला सक्तीचं नाही. कायद्याने तिला स्वतःचं भरती धोरण ठरवायला सांगितलं आहे, ते करार करतानाच विचारून ठेवा. नाही ठेवून घेतलं तरी सर्टिफिकेट हातात असतं. पुढच्या ठिकाणी मात्र नुसत्या सर्टिफिकेटवर रॉड धरायचा होल्डर हातात देत नाहीत, टेस्ट घेतात. रिफायनरी आणि प्रेशर व्हेसलच्या कामाला ही टेस्ट बहुधा एएसएमई सेक्शन ९ या अमेरिकन कोडप्रमाणे असते, बॉयलरच्या कामाला आयबीआरचा, म्हणजे भारतीय बॉयलर नियमांचा, वेगळा दाखला लागतो. टेस्टचा तुकडा वाकवून किंवा एक्स-रे काढून तपासतात आणि पास झालात की तुमच्या नावाचा स्टॅम्प नंबर मिळतो. तुम्ही केलेल्या जोडाशेजारी तो नंबर पडतो.

हा दाखला एकदा मिळाला म्हणजे कायमचा असं नाही. सेक्शन ९ प्रमाणे सलग सहा महिने त्या प्रकारचं वेल्डिंग केलं नाही तर तो संपतो आणि पुन्हा टेस्ट द्यावी लागते. त्यामुळे कोणत्या तारखेला, कोणत्या जॉबवर, टिग की रॉड, याची नोंद एका वहीत ठेवा आणि महिन्याच्या शेवटी सुपरवायझरची सही घ्या. कंपनी बदलताना टेस्ट रिपोर्टची प्रत मागून घ्या. ती राजीनामा देण्याआधी मागितलेली बरी, नंतर गेटपाशी बराच वेळ जातो.